प्रश्न वाचकांचे : रेणूच्या नावातली मोजदाद

गेल्या काही अंकांपासून या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये रासायनिक नावांविषयीची पत्रे बरीच साठली होती. त्यांतील बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, गंधक, स्फुरद यांसारख्या अधातूंपासून बनलेल्या साध्या संयुगांची नावे कशी ठरतात, आणि व्यवहारातील नावे त्या नियमांशी का जुळत नाहीत. म्हणून या खेपेस केवळ त्याच पत्रांना उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. चाचणी परीक्षेत तिने कार्बन डायऑक्साइडचे नाव ‘मोनोकार्बन डायऑक्साइड’ असे, तर कॅल्शियम क्लोराइडचे नाव ‘कॅल्शियम डायक्लोराइड’ असे लिहिले. दोन्ही उत्तरांना शून्य गुण मिळाले. कॅल्शियम क्लोराइडमध्ये क्लोरिनचे अणू दोन आहेत हे तर खरेच आहे; मग ‘डाय’ म्हणणे चूक कसे?
(एक पालक, कोल्हापूर)

उत्तर : या दोन चुका एका जातीच्या नाहीत. दुसरीपासून सुरुवात करू. कॅल्शियम हा धातू असून तो संयुग बनवताना दोन इलेक्ट्रॉन देतो आणि क्लोरिन एकच घेतो, त्यामुळे एका कॅल्शियममागे दोन क्लोरिन येणार हे नाव उच्चारण्याच्या आधीच ठरलेले असते. जे ठरलेलेच आहे ते नावात पुन्हा मोजण्याची गरज नाही, म्हणून शालेय पद्धतीत धातू आणि अधातू यांच्या अशा संयुगाला नुसते ‘कॅल्शियम क्लोराइड’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय नियमांना ‘कॅल्शियम डायक्लोराइड’ हे नाव मात्र सर्वथा अमान्य नाही. उत्तरपत्रिका माझ्याकडे आली असती, तर मी अर्धा गुण दिला असता आणि समासात ‘गरज नव्हती’ असे लिहिले असते.

अधातूंची गोष्ट वेगळी आहे. दोन अधातू एकत्र येतात तेव्हा कोणी इलेक्ट्रॉन देऊन टाकत नाही. दोघे मिळून ते वाटून घेतात, आणि ही वाटणी एकाहून अधिक प्रकारे होऊ शकते. कार्बन आणि ऑक्सिजन यांचेच पाहा. एका कार्बनशी ऑक्सिजनचा एक अणू जोडला गेला, तर बंद न्हाणीघरातील गॅस गीझरमुळे जीव घेणारा, रक्तातील हिमोग्लोबिनला घट्ट चिकटून बसणारा वायू तयार होतो. दोन अणू जोडले गेले, तर सोडावॉटरच्या बाटलीत फसफसणारा वायू. दोहोंना ‘कार्बन ऑक्साइड’ म्हणून भागणार नाही. येथे मोजणी नावातच असावी लागते, आणि म्हणूनच पहिला कार्बन मोनॉक्साइड व दुसरा कार्बन डायऑक्साइड.

नियम थोडक्यात असा. ज्या मूलद्रव्याची विद्युतऋणता (म्हणजे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची ताकद) कमी त्याचे नाव आधी आणि जसेच्या तसे. ज्याची जास्त त्याचे नाव नंतर आणि शेवटी ‘आइड’ लावून. दोन्हींच्या आधी अणूंची संख्या सांगणारा उपसर्ग येतो; मात्र पहिल्या मूलद्रव्याचा अणू एकच असेल, तर तेथे ‘मोनो’ लावत नाहीत. पहिल्या नावाआधी काही नसणे याचाच अर्थ ‘एक’ असा धरला जातो. आपल्या मुलीची पहिली चूक नेमकी ही होती. विद्युतऋणतेचा क्रम पाठ नसेल, तरी एवढे लक्षात ठेवावे की फ्लोरीन नेहमी शेवटी येतो, आणि ऑक्सिजनही शेवटीच येतो, पण फ्लोरीन सोबत असेल तेव्हा त्याला शेवटची जागा सोडावी लागते. म्हणून एक ऑक्सिजन व दोन फ्लोरीन यांचे संयुग ‘ऑक्सिजन डायफ्लोराइड’ होते, फ्लोरीनचे ऑक्साइड होत नाही.

उपसर्ग पाठ करताना मुले अडखळतात. मराठी माध्यमातील मुलांनी तरी अडखळण्याचे कारण नाही. डाय म्हणजे द्वि, ट्राय म्हणजे त्रि, पेंटा म्हणजे पंच, हेप्टा म्हणजे सप्त, ऑक्टा म्हणजे अष्ट, डेका म्हणजे दश. ग्रीक आणि संस्कृत या भाषा एकाच कुळातील असल्याने ही शब्दांची भावकीच आहे. वरवर न दिसणारी हेक्सा आणि षट्, टेट्रा आणि चतुर् ही जोडपीही मुळात सख्खीच आहेत. नऊसाठीचा ‘नोना’ हा लॅटिनमधून घेतलेला आहे. पण तोही ‘नव’चा नातेवाईक. या मेळाव्यात परका आहे तो ‘मोनो’. त्याचा ‘एक’ या शब्दाशी संबंध नाही, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘एकटा’ असा आहे.

सरावासाठी मुलीला गंधकाचे एक संयुग द्या : रेणूत गंधकाचे अणू दोन, क्लोरिनचे अणू दोन. पुष्कळ विद्यार्थी दोनास दोन छाटून त्याला ‘सल्फर मोनोक्लोराइड’ म्हणतात, आणि व्यापारात ते नाव अजूनही चालते. पण येथे अपूर्णांकाला संक्षिप्त रूप द्यायचे नसते. रेणूत जितके अणू आहेत तितके मोजायचे असतात. योग्य नाव ‘डायसल्फर डायक्लोराइड’.

प्रश्न : मी एका रुग्णालयात परिचारिका आहे. आमच्याकडे भूल देण्यासाठी निळ्या सिलिंडरमधून नायट्रस ऑक्साइड येतो. प्रदूषणाच्या बातम्यांमध्ये नायट्रोजन डायऑक्साइड असतो, आणि पीएसएलव्ही रॉकेटच्या माहितीत नायट्रोजन टेट्रॉक्साइड वाचला. हे सगळे एकच आहेत का?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : एकच नाहीत, आणि आपल्या व्यवसायात तर ते एक समजणे जिवावर बेतेल. मूलद्रव्ये तीच दोन, पण मोजणी वेगळी. आपल्या सिलिंडरमधील वायूच्या रेणूत नायट्रोजनचे अणू दोन व ऑक्सिजनचा एक असतो, म्हणजे नियमानुसार तो ‘डायनायट्रोजन मोनॉक्साइड’. जोसेफ प्रिस्टली यांनी तो १७७२ मध्ये प्रथम तयार केला, हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिस्टल येथे तो स्वतः हुंगून त्याचे परिणाम १८०० मध्ये प्रसिद्ध केले, आणि हसवणारा वायू म्हणून तो लोकांच्या तोंडी बसला. प्रदूषणाच्या बातमीतील वायूत नायट्रोजनचा एक व ऑक्सिजनचे दोन अणू असतात. तो तपकिरी असून फुप्फुसांना घातक आहे. म्हणजे एक-दोन आणि दोन-एक एवढाच फरक. परंतु एक भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हाती असतो, आणि दुसरा हवेत किती आहे यावर प्रदूषण नियंत्रण मंडळ लक्ष ठेवून असते.

यांच्या मधोमध आणखी एक वायू आहे : एक नायट्रोजन आणि एक ऑक्सिजन, म्हणजे नायट्रोजन मोनॉक्साइड. याचे जुने नाव नायट्रिक ऑक्साइड. आपल्या रक्तवाहिन्यांचे अस्तर हाच वायू अत्यल्प प्रमाणात तयार करते आणि त्यामुळे वाहिन्या सैलावतात. या शोधासाठी रॉबर्ट फर्चगॉट, लुईस इग्नारो आणि फरीद मुराद यांना १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ‘नायट्रस’ आणि ‘नायट्रिक’ हा उच्चारात जेमतेम एका अक्षराचा फरक असल्याने जुन्या नावांचा धोका किती असतो हे वेगळे सांगायला नको.

ही जुनी पद्धत आली कोठून? १७८७ मध्ये पॅरिस येथे गितों द मोर्वो, लाव्हाझिए, बर्तोले आणि फूर्क्र्वा या चौघांनी रासायनिक नामकरणाची नवी रीत प्रसिद्ध केली. तोपर्यंत पदार्थांची नावे किमयागारांच्या मर्जीवर चालत असत. नावावरून घटक कळावेत हा आग्रह या चौघांचा. त्यांच्या रीतीतून पुढे रूढ झालेल्या वळणात ज्यात ऑक्सिजन कमी त्याला ‘अस’ आणि ज्यात जास्त त्याला ‘इक’ असा प्रत्यय लागे. दोन संयुगे असतील तोवर हे ठीक चालते. पण नायट्रोजनची ऑक्साइडे अर्धा डझन निघाली आणि प्रत्यय दोनच! मग मोजणारे उपसर्ग आणण्यावाचून इलाज उरला नाही. २८ ग्रॅम नायट्रोजनशी संयोग पावणारा ऑक्सिजन या निरनिराळ्या संयुगांत १६, ३२, ४८, ६४ आणि ८० ग्रॅम असतो. म्हणजे १६ चा पाढाच. जॉन डाल्टन यांचा गुणित प्रमाणाचा नियम म्हणतात तो हाच, आणि आजची नावे हा पाढाच मोठ्याने म्हणतात.

आता रॉकेट. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यातील विकास इंजिनात जे ऑक्सिडीकारक (इंधन जाळण्यास ऑक्सिजन पुरवणारे) द्रव्य वापरतात त्याच्या रेणूत नायट्रोजनचे अणू दोन आणि ऑक्सिजनचे चार असतात. त्याचे पूर्ण नाव ‘डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड’. ‘नायट्रोजन टेट्रॉक्साइड’ हे अभियंत्यांच्या बोलीतील आखूड रूप झाले. नियमाने वाचू गेल्यास त्यातून एका नायट्रोजनला चार ऑक्सिजन असा अर्थ निघतो, जो चुकीचा आहे. हा पदार्थ आणि प्रदूषणातील तपकिरी वायू एकमेकांत बदलत असतात : तपकिरी वायूचे दोन रेणू जोडले गेले की एक रंगहीन रेणू. हे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पाहण्यासारखे असते. काचेच्या सीलबंद नळीत हा वायू भरून नळी बर्फात बुडवली की तपकिरी रंग फिका पडत पडत जवळजवळ नाहीसा होतो, आणि तीच नळी गरम पाण्यात धरली की वीटकरी रंग पुन्हा भरून येतो. नळीत बाहेरून काही गेले नाही, आतून काही आले नाही. अणूंचे प्रमाणही एकास दोनच राहिले. बदलली ती केवळ एका रेणूतील मोजणी. छाटलेल्या प्रमाणावरून नाव का ठेवायचे नाही, याचे याहून चांगले प्रात्यक्षिक मला ठाऊक नाही.

प्रश्न : ‘पेंटॉक्साइड’ बरोबर की ‘पेंटाऑक्साइड’? पाठ्यपुस्तकात एक आणि संदर्भग्रंथात दुसरे असते.
(एक शिक्षिका, चिपळूण)

उत्तर : शुद्ध आणि उपयुक्त रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या २००५ च्या शिफारशींनुसार उपसर्गाचा शेवटचा स्वर गाळू नये, म्हणून पेंटाऑक्साइड आणि टेट्राऑक्साइड, फक्त मोनॉक्साइड हे रूढीमुळे मान्य केलेले अपवादात्मक रूप. शाळांमधून मात्र ‘आ’ गाळण्याची जुनी सवय टिकून आहे, आणि उच्चाराला ती सोपी आहे हेही खरे. मी स्वतः वर ‘टेट्रॉक्साइड’ असेच लिहिले आहे. डाय आणि ट्राय यांच्या बाबतीत दोन्ही पक्षांचे एकमत आहे. तेथे काहीही गळत नाही. आपण वर्गात एक रूप ठरवून वर्षभर तेच वापरावे आणि दुसरे लिहिणाऱ्याचा गुण कापू नये.

प्रश्न : आमच्या लहानपणी पुस्तकांत ‘कर्बद्विप्राणिल वायू’ असे लिहीत. ते सोडून कार्बन डायऑक्साइड कशासाठी?
(एक ज्येष्ठ वाचक, पुणे)

उत्तर : तो शब्द मला आवडतो, आणि घडणीने तो निर्दोष आहे : कर्ब, मग द्वि, मग प्राणवायूवरून प्राणिल. म्हणजे ‘कार्बन, डाय, ऑक्साइड’ या तीन तुकड्यांना तीन मराठी तुकडे. अडचण पुढे येते. कर्ब, नत्र, गंधक, स्फुरद, प्राण एवढ्यांची सोय झाली, तरी मूलद्रव्ये ११८ आहेत, आणि फ्लोरीन, सेलेनियम, झेनॉन यांना नवी नावे घडवून ती पुन्हा विद्यार्थ्याला पाठ करायला लावायची, शिवाय पुढील शिक्षणात ती विसरायला लावायची, हे मला दुहेरी ओझे वाटते. सहा फ्लोरीन असलेल्या गंधकाच्या संयुगाला वीज केंद्रातील तंत्रज्ञ ‘एसएफसिक्स’ म्हणतात, कारण मोठ्या सर्किट ब्रेकरमध्ये ठिणगी विझवण्यासाठी तोच वायू भरलेला असतो. त्या तंत्रज्ञाला सल्फर हेक्साफ्लोराइड हे नाव लगेच ओळखू येईल, दुसरे येणार नाही.

प्रश्न : ‘डायहायड्रोजन मोनॉक्साइड हे घातक रसायन नळाच्या पाण्यात आढळते, ते नाकातोंडात गेल्यास मृत्यू येतो, त्याच्या वाफेने भाजते’ असा संदेश मोबाइलवर आला. हे खरे आहे का?
(एक गृहिणी, ठाणे)

उत्तर : अक्षरशः खरे आहे आणि घाबरण्याचे काही कारण नाही. दोन हायड्रोजन व एक ऑक्सिजन म्हणजे पाणी, आणि वर सांगितलेला नियम पाण्याला लावला की हेच नाव तयार होते. ही थट्टा जुनी आहे. १९९७ मध्ये अमेरिकेतील आयडाहो राज्यात एका १४ वर्षांच्या मुलाने विज्ञान प्रदर्शनासाठी आपल्या ५० शाळासोबत्यांना या ‘रसायना’ची अशीच माहिती वाचायला दिली, तर ४३ जणांनी त्यावर बंदी घालावी असे मत दिले.

आपल्या प्रश्नातून एक गोष्ट निघते ती अशी की नियम असूनही काही नावे नियमाबाहेर ठेवलेली आहेत. पाणी आणि अमोनिया ही त्यांतली. अमोनियाला कोणीही ‘नायट्रोजन ट्रायहायड्राइड’ म्हणत नाही. हायड्रोजनचे वागणे एकूणच लहरी आहे. गंधक किंवा क्लोरिन यांच्यासोबत तो नावात आधी येतो आणि बहुधा मोजलाही जात नाही : गटारात व मैलाटाकीत उतरणाऱ्या कामगारांचा जीव घेणाऱ्या, सडक्या अंड्याचा वास असलेल्या वायूत हायड्रोजनचे अणू दोन असूनही त्याला नुसते ‘हायड्रोजन सल्फाइड’ म्हणतात. क्लोरिनसोबतचे त्याचे संयुग वायुरूपात असताना हायड्रोजन क्लोराइड असते. तेच पाण्यात विरघळले की हायड्रोक्लोरिक आम्ल होते.

प्रश्न : मी द्राक्ष बागायतदार आहे. ‘अठरा शेहेचाळीस’ खताच्या पोत्यात ४६ टक्के स्फुरद असते असे आम्ही समजत होतो. शेतीशाळेत सांगितले की खरे स्फुरद २० टक्केच असते. मग पोत्यावर ४६ का छापतात? ही फसवणूक आहे का?
(एक शेतकरी, निफाड)

उत्तर : फसवणूक नाही, पण नावाने घातलेला घोळ मात्र नक्कीच आहे, आणि या अंकातील सर्व प्रश्नांत मला हाच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पोते जवळ घेऊन त्यावरील बारीक मजकूर वाचा. तेथे ४६ या आकड्यापुढे स्फुरद असे मोघम लिहिलेले नसून एक सूत्र दिलेले असते, ज्यात स्फुरदाचे दोन आणि ऑक्सिजनचे पाच अणू असतात. हे ‘फॉस्फरस पेंटॉक्साइड’, नियमाने म्हणायचे तर ‘डायफॉस्फरस पेंटॉक्साइड’. म्हणजे ४६ टक्क्यांत ऑक्सिजनचे वजनही धरलेले आहे.

हिशेब करून पाहू. स्फुरदाच्या एका अणूचे वजन ३१, दोघांचे ६२, ऑक्सिजनच्या एका अणूचे १६, पाचांचे ८०, एकूण १४२. त्यांतील स्फुरद ६२, म्हणजे सुमारे ४४ टक्के. पोते ५० किलोचे धरल्यास ४६ टक्के म्हणजे २३ किलो पेंटॉक्साइड, आणि त्यांतील मूळ स्फुरद सुमारे १० किलो. पन्नासात दहा, म्हणजे आपल्याला सांगितलेले २० टक्के अगदी बरोबर.

गंमत अशी की पोत्यात हे पेंटॉक्साइड कणभरही नसते. ते पांढरे चूर्ण हवेतील ओलावा अधाशासारखे शोषते, पाणी लागताच प्रचंड उष्णता बाहेर टाकून त्याचे फॉस्फरिक आम्ल होते, आणि हातावर पडले तर कातडी भाजते. प्रयोगशाळेत ते वायू कोरडे करण्यासाठी वापरतात. पोत्यात प्रत्यक्षात असते ते डायअमोनियम फॉस्फेट. त्यातील ‘डाय’ अणू मोजत नाही, अमोनियमचे दोन गट मोजतो. शिवाय हे संयुग केवळ अधातूंचे असूनही आयनिक, म्हणजे विद्युतभारित गटांचे बनलेले आहे, म्हणून दोन अधातूंच्या रेणूंचा जो नियम वर सांगितला तो त्याला लागू पडत नाही.

मग नसलेल्या पदार्थाचे नाव पोत्यावर कसे? पूर्वीचे रसायनतज्ज्ञ खनिजांचे व राखेचे पृथक्करण करून त्यांतील घटकांचे वजन ऑक्साइडांच्या रूपात मांडत. ती हिशेबाची रीत खतांच्या व्यापारात रुजली, कायद्यात आली, आणि आपल्याकडील १९८५ च्या खत नियंत्रण आदेशातही स्फुरद याच रूपात मोजले जाते. त्यातही आणखी एक गफलत दडलेली आहे. पेंटॉक्साइडचा प्रत्यक्ष रेणू दोन-पाचाचा नसतो, तो बरोबर दुप्पट, म्हणजे स्फुरदाच्या चार व ऑक्सिजनच्या दहा अणूंचा असतो, आणि त्याचे खरे नाव ‘टेट्राफॉस्फरस डेकाऑक्साइड’. जुन्या लोकांना प्रमाण ठाऊक होते, रेणू ठाऊक नव्हता. त्यांनी छाटलेले प्रमाण हेच नाव म्हणून ठेवले. वर सांगितलेल्या डायसल्फर डायक्लोराइडची चूक येथे अख्ख्या जगाने केली आणि ती तशीच चालू आहे. टक्केवारीचा हिशेब मात्र त्यामुळे बिघडत नाही, कारण दोन्हींत प्रमाण तेच.

पालाशाचीही हीच रीत. पोटॅशच्या पोत्यावरील ६० हा आकडा पोटॅशियम ऑक्साइडचा असतो, आणि त्यांतील मूळ पोटॅशियम सुमारे ५० टक्के. येथे दोन पोटॅशियम असूनही ‘डायपोटॅशियम’ म्हणत नाहीत, कारण पोटॅशियम हा धातू आहे आणि एका ऑक्सिजनमागे ते दोनच येणार हे ठरलेले आहे. नत्र तेवढे सरळ मूलद्रव्य म्हणून मोजतात. अठरा म्हणजे अठराच.

आता आपल्या कामाची गोष्ट. पेंटॉक्साइडवरून मूळ स्फुरद काढायचे झाल्यास ०.४४ ने आणि ऑक्साइडवरून मूळ पालाश काढायचे झाल्यास ०.८३ ने गुणावे. परंतु बागेला खत घालताना हा गुणाकार करू नये. कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत नत्र, स्फुरद, पालाश असे तीन आकडे दिलेले असतात, त्यांतील स्फुरद व पालाश हेही ऑक्साइडांच्याच हिशेबाने मांडलेले असतात. शिफारस ४६ किलो स्फुरदाची असेल, तर अठरा शेहेचाळीसची ५० किलोची दोन पोती पुरतात, आणि त्यांतून आलेले १८ किलो नत्र युरियाच्या हिशेबातून वजा करायचे असते.